साडेअडुसष्ट टक्के आणि पुन्हा बारावी: देवगड तालुक्यातलं एक प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका गावातली मुलगी. घरात तिला बाय म्हणतात, इथंही तेच म्हणू. फेब्रुवारी-मार्च २०२५ ला तिनं विज्ञान शाखेतून बारावी दिली. ५ मे रोजी निकाल लागला: इंग्रजी ६६, मराठी ८०, भूगोल ७१, भौतिकशास्त्र ५७, रसायनशास्त्र ५९, जीवशास्त्र ७८. सहाशेपैकी ४११, म्हणजे साडेअडुसष्ट टक्के. आदल्याच दिवशी, रविवारी, ती नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा, पेपर देऊन आली होती. त्याआधी एप्रिलमध्ये एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा जीवशास्त्र गटही दिला होता. त्या दोन्हींचे निकाल जूनच्या मध्याला येणार होते. घरात मात्र ५ मेच्या संध्याकाळीच ठरलं की बाय पुन्हा बारावी देणार.

तिचे वडील माझ्याकडे आले ते सल्ला मागायला नाही. श्रेणीसुधारचा, म्हणजे पास झाल्यावरही गुण वाढवायला बारावी पुन्हा देण्याचा, फॉर्म कुठं भरतात आणि शेवटची तारीख कोणती, एवढंच त्यांना हवं होतं. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आहे. मे-जूनमध्ये आजूबाजूच्या गावांतले पालक कागदांची पिशवी घेऊन येतात, तसेच तेही आले. घाई दिसत होती. आंब्याचे शेवटचे दिवस, पाऊस कधीही धरेल अशी भीती, पेट्या भरायला माणसं कमी. मी विचारलं, "पुन्हा देऊन काय मिळवायचंय?" ते म्हणाले, "सत्तर तरी होऊ दे, सर. लोकांका काय सांगूचा?"

या प्रश्नाला मी हसलो नाही. कोकण विभागीय मंडळ बारावीच्या निकालात दर वर्षी राज्यात पहिलं असतं. २०२५ लाही राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, तर कोकणाचा ९६.७४. जिथं जवळजवळ सगळेच पास होतात तिथं पास होण्याचं कौतुक उरत नाही. मग वाडीत चर्चा होते ती टक्क्यांची, आणि सत्तरच्या खालचा आकडा कोणी विचारला तर माणसं विषय बदलतात.

डोंबिवलीचे काका फोनवरून या निर्णयाच्या मागे ठाम उभे होते. त्यांचं म्हणणं असं: एक वर्ष ड्रॉप घ्यायचा, लातूरला क्लास लावायचा, बारावी आणि नीट दोन्ही पुन्हा द्यायच्या. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, रत्नागिरीला आहे, मुलगी घराजवळ राहून डॉक्टर होईल. खर्चाचा अर्धा भार उचलायची त्यांची तयारी होती. नुसतं बोलून मोकळं होणारा हा माणूस नाही, म्हणून त्यांच्या शब्दाला घरात वजन होतं. वडिलांनी त्यात आपला दाखला जोडला: "हापूसचा कलम एक वर्ष दम खाता, पुढच्या वर्षी लागता." या एका वाक्यानं घरातल्या सगळ्यांची समजूत पटली होती. आईचं मत कोणी विचारलं नव्हतं. बायचंही नाही.

मी आधी एक कागद घेतला आणि वडिलांसमोर लिहीत गेलो की जीवशास्त्र गट घेतलेल्या मुलीला कोणकोणत्या दारांनी आत जाता येतं आणि कोणतं दार कोणत्या आकड्यावर उघडतं.

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, पशुवैद्यक: सगळं नीटच्या गुणवत्ता यादीवर. बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला पन्नास टक्के, राखीव प्रवर्गांना बहुतेक अभ्यासक्रमांसाठी चाळीस टक्के लागतात. बायचे तीनशेपैकी १९४, म्हणजे ६४.६७ टक्के. उंबरठा ती आधीच ओलांडून गेलेली. त्याचे उद्या ८० टक्के झाले तरी नीटच्या यादीत ती एका जागेनंही वर सरकणार नाही.

बी.फार्म.: सीईटीच्या पर्सेंटाइलवर (शंभरातले किती जण आपल्या मागे आहेत तो आकडा), आणि जीवशास्त्र गटाची सीईटी इथं चालते. बारावीचे गुण इथंही पात्रतेपुरतेच.

डी.फार्म.: हा दोन वर्षांचा डिप्लोमा बारावीच्या विज्ञान विषयांच्या गुणांवर मिळतो. इथं १९४ चे २१० झाले तर फरक पडेल. बी.एस्सी.लाही बारावीचेच गुण पाहतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी साडेअडुसष्टवर बी.एस्सी.ची जागा अडत नाही.

म्हणजे श्रेणीसुधारनं खरा फायदा होणार तो एकट्या डी.फार्म.ला, आणि घरात डी.फार्म.चं नाव कोणी काढलंच नव्हतं. जे दार उघडायचं होतं त्याची चावी बारावीच्या गुणपत्रकात नव्हतीच. आपल्याकडे 'रिपीट करतेय' म्हटलं की बारावी पुन्हा आणि नीट पुन्हा या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत जातात. खर्च, वेळ, अभ्यास, धोका, सगळं दोन्हींचं वेगळं आहे. नीट पुन्हा द्यायला बारावी पुन्हा द्यावी लागत नाही. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची मर्यादाही नाही.

श्रेणीसुधार निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याच आठवड्यात कणकवलीकडचा एक मुलगा आला होता, खुल्या प्रवर्गातला. जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल चांगला, पण बारावीला ७२ टक्के. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांना बारावीत ७५ टक्के लागतात, नाहीतर मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये तरी असावं लागतं. त्याला अडवणारा आकडा बारावीचाच होता. त्याला मी डोळे मिटून सांगितलं: फॉर्म भर. फक्त एक बजावलं. जून-जुलैच्या परीक्षेचा निकाल जुलैअखेर येतो, तोवर एनआयटीच्या मुख्य फेऱ्या उरकलेल्या असतात. त्यामुळे जागा पुढच्या वर्षीच, जेईई मेन पुन्हा देऊन. आणि आयआयटीसाठीची जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, ती मोजणी पहिल्यांदा बारावीला बसल्यापासून सुरू होते. श्रेणीसुधारनं ती नव्यानं सुरू होत नाही. बायच्या वर्गातल्या आणखी एकीला इंजिनिअरिंगकडे वळायचं होतं पण तिनं गणित घेतलं नव्हतं. तिच्यासाठी 'तुरळक विषय', म्हणजे हवा तेवढाच विषय, घेऊन बसण्याची सोय मंडळाकडे आहे. सहाही विषय नव्यानं देण्याचं तिला काहीच कारण नव्हतं.

मंडळानं श्रेणीसुधारला लगतच्या तीन संधी दिल्या होत्या: जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६. तेव्हा मे महिन्यात घाईनं फॉर्म भरला नाही तरी काही बुडत नव्हतं. एवढं ऐकल्यावर वडील जरा सैल झाले. मी त्यांना दुसऱ्याच फॉर्मवर पाठवलं: भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत.

ही प्रत लोक मागवतात ती गुण वाढतात का हे बघायला. मला ती वेगळ्याच कामाला हवी होती. ५७ हा आकडा काही सांगत नाही. त्यात प्रात्यक्षिकाचे ३० पैकी २८ होते, म्हणजे लेखी ७० पैकी २९. प्रात्यक्षिकाला पोटभर गुण देण्याची आपल्याकडची पद्धत मी स्वतः पाळलेली आहे, त्याबद्दल इथं जास्त बोलत नाही. पण त्या २८ नं घरच्यांना असं वाटत होतं की पोरीचं फिजिक्स 'मध्यम' आहे.

प्रत आली. सिद्धता आणि व्याख्या सुंदर अक्षरात, जवळपास शब्दशः पाठ. गणितं मात्र जवळजवळ सगळी सोडलेली, आणि जिथं हात घातला तिथं सूत्र लिहून, किमती घालून, पुढं मोकळी जागा. पहिल्या प्रश्नातल्या दहा बहुपर्यायीपैकी चार बरोबर. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरात दोन गुणांचे बारापैकी आठ प्रश्न सोडवायचे असतात, तीन गुणांचेही बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. या सवलतीत गणितं टाळून पास होण्याची वाट असते. बाय हुशार आहे, तिनं ती वाट शोधली होती. नीटमध्ये ती वाट नाही. २०२५ पासून तर नीटमधले ऐच्छिक प्रश्नही गेले. १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, तीन तास, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा.

जूनमध्ये दोन्ही निकाल आले आणि प्रत जे सांगत होती तेच त्यांनीही सांगितलं. नीटमध्ये ७२० पैकी २३१: जीवशास्त्र १६८, रसायन ४५, भौतिक १८. फिजिक्सचे ४२ प्रश्न तिनं सोडवले, १२ बरोबर, ३० चूक. सीईटीत जीवशास्त्र गटात ८३ पर्सेंटाइल. सीईटीला चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, जीवशास्त्राला दोनशेपैकी शंभर गुण, आणि अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच, त्यातही बहुतेक भर बारावीवर. नीटमध्ये अकरावीचा वाटा मोठा असतो, आणि अकरावी हे वर्ष आपल्याकडे सुट्टीसारखं जातं.

काकांचा फोन आला तो आनंदाचा. बाय नीट 'पात्र' झाली होती. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ वर होती, इतर मागास प्रवर्गाची ११३ वर. बाय दुसऱ्या प्रवर्गातली, त्यामुळे तिच्या निकालपत्रावर तो शब्द ठसठशीत छापून आला. या शब्दानं दर वर्षी किती घरांत गोंधळ होतो! पात्र म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. सरकारी एमबीबीएसच्या यादीच्या आसपास जायला बायला दुपटीहून बरेच जास्त गुण लागले असते.

ओरोसच्या कॉलेजबद्दलही काकांशी बोलावं लागलं. कॉलेज जिल्ह्यात आहे म्हणून जागा जिल्ह्यातल्या मुलांना मिळत नाहीत. पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या पंच्याऐंशी टक्के राज्याच्या यादीतून. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा प्रादेशिक सत्तर-तीसचा नियमसुद्धा २०२० मध्ये रद्द झाला. म्हणजे देवगडची मुलगी, लातूरची मुलगी आणि पुण्याची मुलगी एकाच रांगेत. काकांना हे ठाऊक नव्हतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणूनच लातूरला पाठवायचं." हे उत्तर चुकीचं नव्हतं, हेही मला मान्य करावं लागलं.

मग ड्रॉपचा विचार आम्ही नीट केला. बायसमोर बसून, आणि या वेळी आई पण होती. माझा हिशेब साधा होता. जीवशास्त्रात वाढीला जागा होती, पण खरी वाढ फिजिक्स आणि रसायनातूनच यावी लागली असती: ३६० पैकी ६३ वरून निदान अडीचशेच्या घरात. ज्या मुलीचा पाया पक्का आहे पण वेळ कमी पडला, आजारपण आलं, पेपरात घाबरली, तिचं एका वर्षात एवढं होतं. मी अशी मुलं पाहिली आहेत. बायच्या बाबतीत फिजिक्स अकरावीपासून नव्यानं करावं लागणार होतं, तेही अशा क्लासमध्ये जिथं पहिल्या आठवड्यापासून सराव परीक्षा सुरू होतात. वडिलांना मी म्हटलं, कलम दम खाऊन पुन्हा आंबाच देतं, त्याला फक्त विश्रांती हवी असते. इथं विश्रांतीनं काही होणार नाही. ते हसले आणि म्हणाले, "आता कल्टार घालून दर वर्षी काढतत, सर. तसा करूचा?" कल्टार म्हणजे कलमाला दर वर्षी मोहोर यावा म्हणून घालतात ते औषध.

खर्च, राहणं-जेवण, येणं-जाणं मिळून दीड लाखाच्या वर जात होता. एप्रिल-मेच्या हंगामात घरात एक माणूस कमी, तो हिशेब वेगळा. पण पैशामुळे निर्णय फिरला असं मी म्हणणार नाही. काका ते निभावून नेणार होते.

निर्णय फिरला तो बायमुळे. इतका वेळ ती गुणपत्रकाची घडी घालत-उलगडत बसली होती. आईनंच तिला विचारलं, "तुका काय वाटता ता सांग." ती म्हणाली, "माका फिजिक्स परत नको. डॉक्टर व्हायचा असा मी खय म्हटलंय?" मग थोडं थांबून: औषधांचं काही असेल तर चालेल, गावात मेडिकलच्या दुकानात सुट्टीत बसायची तेव्हा आवडायचं. काकांनी फोनवर खासगी आयुर्वेद कॉलेजचा पर्याय काढून पाहिला, तो दोन मिनिटांत संपला, कारण ते तिला शिकायचंच नव्हतं.

औषधनिर्माणशास्त्र ठरल्यावर डी.फार्म. की बी.फार्म. हा प्रश्न उरला, आणि इथंच श्रेणीसुधारचा मुद्दा पहिल्यांदा खरोखर लागू झाला. डी.फार्म. दोन वर्षांत संपतं, नंतर बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. दुकान टाकायचं असेल तर वाट जवळची. पण ८३ पर्सेंटाइलवर कोकणातल्या महाविद्यालयांत बी.फार्म. मिळण्यासारखं होतं, मग डिप्लोम्यासाठी बारावी पुन्हा द्यायची कशाला? शिवाय एक सरकारी निर्णय तिच्या बाजूनं होता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. हे मी आईला दोनदा सांगितलं, कारण 'सीट बुक करून टाकूया' म्हणणारे एजंट जूनपासूनच फोन करू लागतात.

पुढचे महिने कागदांचे होते. अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आणि सगळ्यात वेळखाऊ ते जात वैधता प्रमाणपत्र. वडिलांकडे जातीचा दाखला होता, वैधता कोणीच काढलेली नव्हती. आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यात बरेच दिवस गेले. माझं म्हणणं असं की अकरावीलाच ही फाइल जिल्ह्याच्या समितीकडे जायला हवी. जुलैच्या पावसात चार कचेऱ्या फिरणाऱ्या पालकांना बघवत नाही.

फार्मसीच्या फेऱ्या गेली काही वर्षं उशिरा चालतात, कारण महाविद्यालयांना फार्मसी परिषदेची मान्यता मिळायला वेळ लागतो. तोवर घरी बसून राहणं बायला जड गेलं असतं, म्हणून तिनं जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि वर्गांना जाऊ लागली. या मधल्या काळात काकांचा धीर सुटला. "बघा, वर्ष तसंही चाललंय, ड्रॉपच घेतला असता," असं ते गणपतीला घरी आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवशी माझ्याकडेही त्यांना द्यायला उत्तर नव्हतं. प्रवेश लागला तो गणपती होऊन बराच काळ लोटल्यावर, जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात, फेरीतूनच. बी.एस्सी.चा प्रवेश रद्द करताना थोडे पैसे गेले.

या निर्णयाबद्दल माझी एक शंका तेव्हाही होती आणि अजून आहे. बी.फार्म. हा अभ्यासक्रम मोठ्या प्रमाणात रसायनाचा आहे, आणि बायचं रसायन कच्चं आहे. फिजिक्स टाळायला तिनं जी वाट धरली त्या वाटेवर सेंद्रिय रसायन वर्षानुवर्षं भेटत राहणार. मी हे तिला सांगितलं होतं. तिचं उत्तर असं की रसायनातली गणितं येत नाहीत, पण विक्रिया लक्षात राहतात. तिच्या उत्तरपत्रिकेकडे पाहिलं तर ते खरंही असेल. रसायनाची प्रत आम्ही मागवली नव्हती, मागवायला हवी होती.

बारावीला गणित न घेतलेल्यांना बी.फार्म.च्या पहिल्या सत्रात उपचारात्मक गणित हा विषय करावा लागतो. मर्यादा, विकलन, संकलन, लॉगरिदम. गणित नको म्हणून भूगोल घेतलेल्या बायला हे प्रवेशानंतर कळलं. सुट्टीत ती वही घेऊन माझ्याकडे येते. लॉगरिदम आता जमतात, संकलनाशी झटापट चालू आहे. फेब्रुवारी-मार्च २०२६ च्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरला नाही. जून-जुलैची शेवटची संधी अजून आहे, असं काकांनी मध्यंतरी मला फोन करून आठवण दिली. मी निरोप पोचवला. ती म्हणाली, त्याच सुमाराला तिची सत्र परीक्षा आहे.